पंपताईंची पाचवी गाडी

आमच्या ताई लोकांचं रक्त काढतात. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी तेच काम केलंय. समोरचं पोर रडायला तोंड उघडतं, तोवर कापसाचा बोळा लावून त्या मोकळ्या झालेल्या असतात. "टोचणार कधी?" असं घाबरून विचारणाऱ्या धिप्पाड माणसाला त्या सांगतात, "तुम्ही बायकोची तक्रार सांगत होता ना, तेव्हाच झालं. उठा आता." नात्यानं त्या माझ्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. पण मी पहिल्या दिवसापासून ताईच म्हणत आले. लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांची एक खोली आहे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. त्या रागावल्या की जिन्यातूनच बोलायला सुरुवात करतात, दार उघडेपर्यंत अर्धं भांडण होऊन गेलेलं असतं.

रविवारी मात्र ताई वेगळ्याच कोणी असतात. खाकी पँट, खिशांत तेलकट फडकी कोंबलेला एप्रन, डोक्याला रुमाल, हातात लांब चोचीची प्लॅस्टिकची बाटली. बंद पडलेल्या शीतगृहाच्या मागे एक मातीचं मैदान आहे, तिथे रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यती होतात. 'खेळण्यातल्या गाड्या' असं तिथे चुकूनही म्हणायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा म्हटलं होतं, तर नवरा दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलला होता. हातभर लांबीच्या या गाड्या मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत अशा सुसाट सुटतात की पायावर आली तर नडगी फुटावी. नवरा उंच मचाणावर उभा राहून गाडी चालवतो आणि ताई खाली त्याची टाकी भरतात. गेली चौदा वर्षं.

हे टाकी भरणं काय असतं ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. या गाड्या दोन जातींच्या. एक नायट्रोची, दुसरी इलेक्ट्रिक. नायट्रोच्या गाडीत खरंखुरं इंजिन असतं, पेरूएवढं. त्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण घालतात. टाकी जेमतेम अर्ध्या कपाची, आठ-नऊ मिनिटांत तळाला जाते. मोठी शर्यत पाऊण तासाची, म्हणजे मधे पाच वेळा गाडी आत आणायची. आत आली की खालच्या माणसानं चालत्या इंजिनासकट ती उचलायची, टाकीचं झाकण उघडायचं, बाटली दाबायची, झाकण बंद करायचं आणि गाडी पुन्हा मातीवर. ताईंना याला दोन सेकंद लागतात. मैदानावरच्या मास्तरांनी घड्याळ लावून मोजलेत. बाकीच्यांना पाच लागतात, सहा लागतात, कुणी बाटली पाडतो, कुणी हात भाजून घेतो. म्हणून मैदानावर त्यांना सगळे 'पंपताई' म्हणतात, आणि हे नाव त्यांना प्रयोगशाळेच्या ओळखपत्रावरच्या नावापेक्षा जास्त आवडतं.

इलेक्ट्रिक गाडीला यातलं काही लागत नाही. बॅटरी भरा, गाडीत घाला, दहा मिनिटं पळवा, घरी जा. मधे आत यायचं नाही, कुणी उचलायचं नाही.

आता मी घर चालवणारी बाई, मला दोन्हीतलं डावं-उजवं स्वयंपाकघरातून दिसतं. नायट्रोचा वास कपड्यांतून जात नाही. शर्टावर तेलाचे असे डाग पडतात की साबण हात टेकतो. नवरा रविवारी घरी आला की मी दारातच त्याला बनियनवर आणते. पण नायट्रो निदान मैदानावरच राहते. इलेक्ट्रिक घरात येते. तिचा चार्जर ओट्यावर बसतो, मिक्सरचं बटण अडवतो, दर थोड्या वेळाने टूं टूं करतो. बॅटरी फुगली तर पेट घेते म्हणून ती म्हणे पत्र्याच्या डब्यात ठेवून भरायची, आणि तो डबा म्हणजे अर्थातच माझा पिठाचा.

हे मला कसं ठाऊक? कारण माझ्या नवऱ्याने ताईंना न सांगता इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. ती चादरींच्या मागे, कपाटाच्या वरच्या फळीवर लपवलेली असायची आणि ताई खाली गेल्यावरच बाहेर निघायची.

आणि नेमक्या त्याच महिन्यात मैदानावर ती सूचना लागली.

शीतगृहाला लागून नवी इमारत उभी राहिली होती. तिथल्या लोकांनी आवाजाच्या तक्रारी केल्या. क्लबचे सचिव चष्म्याचे दुकानदार आहेत, सभ्य, हळू बोलणारे, कुणालाही 'नाही' म्हणताना चष्मा काढून पुसणारे. त्यांनी तोडगा काढला आणि फळ्यावर लावला. हंगामाच्या शेवटच्या रविवारी पाऊण तासाची शर्यत होईल. त्यात निदान पाच नायट्रो गाड्यांनी शर्यत पूर्ण केली तर पुढच्या वर्षी महिन्यातला एक रविवार नायट्रोला मिळेल. नाहीतर मैदान फक्त इलेक्ट्रिकचं. खाली नियम होते. एका माणसाला एकाच गटात भाग घेता येईल वगैरे.

ताईंनी सूचना वाचली आणि सचिवांना तिथेच धरलं.

"पाच गाड्या पूर्ण? अहो, दर वेळी निम्म्या बंद पडतात ते तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे, ताई." चष्मा निघाला.

"म्हणजे मुद्दामच."

"मुद्दाम नाही हो. इतकी हौस असेल तर पाच तरी पूर्ण होतील, असं कमिटीचं म्हणणं."

"कमिटीला एकदा माझ्याकडे रक्त तपासायला पाठवा," ताई म्हणाल्या. "पाणी निघतं का बघते."

त्या आठवड्यात ताईंनी प्रयोगशाळेतून येताच फोन लावायला सुरुवात केली. माझ्या स्वयंपाकघरात बसून, कारण त्यांच्या खोलीत रेंज येत नाही. मी भाजी चिरत होते आणि ऐकत होते. मास्तर तयार होते. निवृत्त गणिताचे शिक्षक, त्यांची गाडी सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात नेमाने चालते. रेडिएटरवाला तयार होता. त्याचा मेहुणाही, पण बायकोला विचारून. बेकरीवाल्याने "बघू" म्हटलं.

"बघू म्हणजे काय बघणार तू?" ताई फोनवर. "पाव भट्टीतून कधी काढायचा ते 'बघू' म्हणतोस का? ... हो. ... हो, मला माहीत आहे इलेक्ट्रिक सुरू करायला सोपी असते. दिवासुद्धा बटण दाबलं की लागतो, म्हणून दिव्यांची शर्यत लावायची का?"

ठेवला फोन. म्हणाल्या, "चार झाले, आणि आपला एक. पाच."

'आपला एक' म्हणजे माझा नवरा. तो आतल्या खोलीत होता आणि इतका चिडीचूप होता की त्याच्या श्वासाचाही आवाज येत नव्हता. मी विळीवर खाली मान घालून कांदा चिरत राहिले. त्या दिवशी डोळ्यांत पाणी यायला कांदा होता हे बरंच झालं.

ताई खाली गेल्यावर मी आत गेले. "आज सांग. उद्या नाही, आज."

"तू सांग ना."

"मी? गाडी मी घेतली का चोरून?"

"चोरून नाही घेतली. दुकानातून घेतली." यावर मी नुसती बघत राहिले, तेव्हा तो पलंगावर बसला. "अगं, मी कंटाळलोय. सकाळी गार हवेत इंजिनात इंधन सोडणारी ती सुई सैल करायची, ऊन वर आलं की आवळायची. प्लग जळाला, बदला. इंजिन गरम झालं, थांबा. इंजिन गार झालं, आता ते सुरू होत नाही. तीन तास खटपट आणि वीस मिनिटं गाडी. मला गाडी चालवायची आहे गं, तिची मनधरणी नाही करायची."

खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं. आणि ताईंचंही पटत होतं. हेच तर वैतागाचं असतं, घरात दोन्ही बाजूंचं म्हणणं कळणारं माणूस कुणाच्याच कामाचं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने सांगितलं. जिन्यात, उभ्या उभ्या, कामावरून येताना दोघं समोरासमोर आले तेव्हा. मी वर दारात होते.

"ताई, मी या वेळी इलेक्ट्रिकमध्ये नाव दिलंय."

ताईंच्या हातात दुधाची पिशवी होती. त्यांनी ती कठड्यावर ठेवली, नीट, पडणार नाही अशी.

"कधी?"

"मागच्या रविवारी."

"मागच्या रविवारी तू माझ्या शेजारी बसून डबा खाल्लास."

"हो."

"आणि मी या सगळ्यांच्या विनवण्या करत होते, ते तुला आत ऐकू येत होतं."

मग तो बोलू नये ते बोलला. "तू माझ्या बॅटऱ्या सांभाळ ना. दोन शर्यतींच्या मधे बदलायच्या असतात. खूप वेळ असतो, निवांत."

"निवांत!" ताईंचा आवाज तीन मजले चढला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं. "अरे, निवांत बॅटरी बदलायला मी कशाला हवी? टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलतोस ना घरी? तेवढंच आहे ते. चौदा वर्षं मी तिथे येते ती काय उन्हाची आवड म्हणून येते? ती गाडी आत येते, दोन सेकंद असतात, आणि त्या दोन सेकंदांत मी चुकले तर तू हरतोस. मी चुकत नाही. हे एवढंच आहे माझ्याकडे रविवारचं, आणि तू मला सेल बदलायला सांगतोस."

पिशवी उचलून त्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस वर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या एप्रन घालून, गुरुवार होता तरी. नवरा वर्तमानपत्रामागे लपला.

"तुझी जुनी गाडी दे," त्या म्हणाल्या. "तू इलेक्ट्रिक पळव. नायट्रो मी चालवते. पाचवी."

"तू? ताई, तू कधी रिमोट हातात धरला नाहीस."

"मी कधी रिमोट हातात धरला नाही, तू कधी बाटली हातात धरली नाहीस. तू माझी टाकी भरणार आहेस. त्याला नाव द्यावं लागत नाही, मी सचिवांना विचारलंय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? हो म्हण."

मग दहा दिवस संध्याकाळी उजेड असेपर्यंत दोघं मैदानावर. परत यायची ती भांडतच. "ताई, वळणाच्या आधी वेग कमी करायचा असतो, वळणात नाही." "तू बाटली अशी धरतोस जसा काही मधाचा थेंब सोडतोयस." "ताई, तू गाडीकडे बघतच नाहीस, कान लावून बसतेस." हे मात्र खरं होतं. ताई चौदा वर्षं खाली उभ्या होत्या. खालून गाडी दिसत नाही, फक्त ऐकू येते. इंधन संपत आलं की इंजिनाचा आवाज बारीक होतो, वर चढतो, आणि तो आवाज त्यांच्या हाताला थेट ऐकू येतो म्हणा ना. रक्त काढतानाही त्या शिरेकडे बघत नाहीत, बोटाने चाचपतात.

गाडी त्या वाईट चालवायच्या. सावकाश, मास्तरांपेक्षाही सावकाश. पण उलटी पडू देत नव्हत्या. "मला जिंकायचं नाहीये," त्या म्हणायच्या, "मला फक्त पाऊण तास काढायचाय."

शर्यतीचा रविवार. मी डबा घेऊन गेले. सकाळी इलेक्ट्रिकच्या शर्यती झाल्या. नवरा दुसरा आला. खरं सांगते, सुंदर पळाली ती गाडी. नुसती सूं करत, मातीवर वेलांट्या काढत. धूर नाही, वास नाही, दहा मिनिटांत संपलं, आणि नव्या इमारतीच्या गच्चीत चहा पीत उभे असलेले लोक मान वळवूनसुद्धा बघत नव्हते. मी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या, "वाजव, वाजव. पंख्याला वाजवल्यासारखं वाटतं की नाही सांग."

मग नायट्रो. पाच गाड्या. मास्तर, रेडिएटरवाला, मेहुणा (बायकोने परवानगी दिली होती), बेकरीवाला आणि ताई. पाचही इंजिनं एकदम सुरू झाली आणि माझ्या डब्याची झाकणं खडखडली. इमारतीतल्या तीन खिडक्या लागल्या. धुराचा निळा पट्टा मचाणाखालून सरकत गेला.

पहिल्या आठ मिनिटांनी ताईंनी गाडी आत आणली. नवऱ्याने उचलली, झाकण उघडलं, बाटली दाबली, निम्मं इंधन बाहेर, झाकण लागेना, लागलं. नऊ सेकंद. वरून ताई ओरडल्या, "अरे, आंघोळ घालतोयस का तिला?"

दुसऱ्यांदा सात सेकंद. तिसऱ्यांदा अकरा, कारण त्याने बोट भाजून घेतलं. ताई मचाणावर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. पण गाडी चालत होती. बेकरीवाल्याची एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. रेडिएटरवाल्याचा मेहुणा तीनदा उलटला, तीनदा सरळ केला. पस्तीस मिनिटं झाली आणि पाचही गाड्या मातीवर होत्या. असं गेल्या चार-पाच वर्षांत झालं नव्हतं. सचिवांचा चष्मा हातातच होता आणि ते त्याला पुसतच होते.

छत्तिसाव्या मिनिटाला ताईंच्या गाडीचा आवाज बारीक झाला. माझ्यासुद्धा लक्षात आलं. आणि ताईंनी काय करावं? गाडी आत आणायची, एवढंच करायचं होतं. पण त्यांनी तो आवाज ऐकला, रिमोट मचाणाच्या कठड्यावर ठेवला आणि शिडीवरून खाली धावल्या.

कारण तो आवाज आला की त्या बाटलीकडे धावतात. चौदा वर्षं. डोक्याला विचारायला वेळच नसतो त्यात.

गाडी वळणावर सरळ गेली, कडेच्या पाइपाला लागली आणि तिथेच गुरगुरत उभी राहिली. आणि माझा नवरा? गाडी थांबलेली दिसताच त्याने बाटली खाली ठेवली आणि शिडीवरून वर धावला. कारण गाडी अडकली की तो रिमोटकडे धावतो. दोघांची शिडीवर अर्ध्यात टक्कर झाली. त्याचं कोपर ताईंच्या खांद्याला लागलं. "सरक ना!" दोघंही एकाच वेळी म्हणाले, आणि दोघंही सरकले.

त्याने रिमोट उचलला, गाडी मागे घेतली, आत आणली. ताईंनी उचलली. मला ते दोन सेकंद नीट दिसलेसुद्धा नाहीत. झाकण, बाटली, झाकण, माती. गाडी गेली होती.

मग काय झालं सांगू! ती गाडी पळायला लागली. पस्तीस मिनिटं जी माती चाटत चालली होती ती उंचवट्यावरून अशी उडाली की बेकरीवाला वर उभा राहून "आयला!" म्हणाला. नवऱ्याने मेहुण्याला मागे टाकलं, मग मास्तरांना. खाली ताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, तोंड गाडीकडे नव्हतं, मान तिरकी. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला शेवटचं आत घेतलं. पुन्हा दोन सेकंद. झेंडा पडला तेव्हा पाचही गाड्या रेषेपलीकडे होत्या.

आम्ही सगळे ओरडलो. रेडिएटरवाल्याने ताईंना हात जोडले. बेकरीवाल्याने मेहुण्याला मिठी मारली, ज्याच्याशी तो दोन वर्षं बोलत नव्हता. सचिव हसले, अगदी खरंखुरं, आणि वहीत लिहायला वाकले.

तेवढ्यात मास्तर शिडीवरून सावकाश उतरले. गाडी हातात, टोपी काखेत.

"सचिव साहेब, एक राहिलंय."

"काय, मास्तर?"

"पाचव्या गाडीचे नोंदवलेले चालक कोण आहेत?"

सचिवांनी वहीत पाहिलं. "ताई."

"शेवटची नऊ मिनिटं गाडी त्यांच्या भावाने चालवली. तो इलेक्ट्रिक गटात आहे. नियम अकरा, एक माणूस एकच गट." मग जरा थांबून, "नियम मीच लिहिलेत."

रेडिएटरवाला आधी सावरला. "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? तुमची पण गाडी नायट्रोच आहे ना?"

"आहे."

"मग पुढच्या वर्षी ती कुठे पळवणार? जिन्यात?"

"ते मी बघेन. पण चालक बदलला हे सगळ्यांनी पाहिलंय. मी नाही बोललो तरी झालंय ते झालंय."

"झालंय ते झालंय!" रेडिएटरवाला माझ्याकडे वळून म्हणाला, जणू मी काही करणार होते. "ऐका वहिनी! यांची गाडी सगळ्यांत हळू का चालते ते कळलं ना? आधी नियम वाचते, मग वळते."

नवरा वरून धावत आला होता. "सचिव, चूक माझी आहे. मी तिकडे धावायला नको होतं. मी बाद, ती नाही. माझा इलेक्ट्रिकचा दुसरा नंबर काढून घ्या."

"त्याने पाचवी गाडी होत नाही हो," सचिव म्हणाले. चष्मा निघाला. खूप वेळ पुसला. "चारच धरावे लागतील."

आता ताई काहीतरी बोलतील आणि मास्तरांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. ताई मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला आधी का नाही हाक मारली? मी शिडी उतरले तेव्हाच? मी परत वर गेले असते."

"तुम्ही उतरताना मी वळणावर होतो, ताई. आणि नंतर..." मास्तरांनी टोपी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "नंतर गाडी फार छान चालली होती."

ताईंचा चेहरा लाल, ओठ मिटलेले. त्यांना ओरडायचं होतं हे मला दिसत होतं, आणि ओरडायला समोर कुणीच नव्हतं हेही. मास्तर बरोबर होते. सचिव बरोबर होते. भाऊ त्यांच्यासाठीच धावला होता. राग आलेला, पण उतरवायला जागा नाही, असं काहीतरी.

एकेक जण येऊन समजूत घालू लागला, तशी त्यांची जास्तच चिडचिड झाली.

"होतं असं, ताई," बेकरीवाला म्हणाला. "चूक कुणाचीच नाही."

"माझी आहे. मला माहीत आहे ना कुणाची आहे! उगाच सगळ्यांत वाटू नकोस, तुझा पाव नाहीये तो."

"पुढच्या वर्षी तुम्ही या हं नक्की," सचिव म्हणाले. "कडेला उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायला आम्हाला माणसं लागतातच."

यावर ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते "चहाचं बघतो" म्हणून निघून गेले.

मैदान रिकामं होत गेलं. मी डबे गोळा केले. ताईंनी जुनी गाडी पुठ्ठ्याच्या खोक्यावर पालथी घातली होती आणि काम करत होत्या. उरलेलं इंधन टाकीतून उपसलं, इंजिन फिरवून नळीतलं शेवटचं जाळून टाकलं, प्लग काढला, आत तेलाचे चार थेंब सोडले, चाक हाताने फिरवून ते सगळीकडे पोचवलं. मग ब्रशने माती. स्प्रिंगांच्या वेढ्यांतलीसुद्धा. नवरा शेजारी उकिडवा बसून बघत होता. भाजलेल्या बोटाला मी रुमाल बांधला होता.

"राहू दे ना आता, ताई," तो म्हणाला. "कुठे पळणार आहे ती?"

"गंज चढतो. मिथेनॉल पाणी धरतं."

"मी ती ठेवून देईन. माळ्यावर."

"माळ्यावर कशाला? विक. दुसऱ्या कुठल्या मैदानावर पळेल तरी." त्यांनी प्लग परत बसवला, चावीने आवळला, मग पुन्हा थोडा सैल करून आवळला. "आणि विकशील त्याला नीट सांग. गार हवेत सुई सैल. ऊन आलं की आवळायची, पण थोडीच, तुझ्यासारखी नाही. टाकीचं झाकण डावीकडून चिकटतं, अंगठ्याने ढकलावं लागतं. तुला ते पाऊण तासात एकदाही कळलं नाही."

"तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. चौदा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस मी खाली काय करते ते."

मी म्हटलं, "चला, ऊन डोक्यावर आलंय," कारण कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

ताईंनी गाडी खोक्यात ठेवली, वर बाटली ठेवली, पाने, प्लगची डबी, सगळं त्याच्याकडे सरकवलं. मग खोक्याच्या कडेवरची तेलकट फडकी उचलून एप्रनच्या खिशात कोंबली.

"ही माझी आहेत," त्या म्हणाल्या. "ही देणार नाही."